सांदोरी : नववीच्या वर्गानं वसवलेलं आणि उठवलेलं चांदीचं बेट

चांदीच्या खाणीवर वसलेलं गाव कशामुळे उठतं, असं नववीच्या वर्गात विचारलं की एका सुरात उत्तर येतं, "चांदी संपली म्हणून!" ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवते आणि हे उत्तर मला बरीच वर्षं खुपत होतं. आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर, जिथे धड पीक येत नाही अशा जागी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दीड लाखाच्या आसपास माणसं राहत होती. पुढे ते शहर ओसरलं. पण त्याच डोंगरात आजही माणसं उतरतात आणि जस्त, कथील, चांदी घेऊन वर येतात. डोंगर रिता झालेला नसताना शहर का ओसरलं, हे फळ्यावर लिहून पटत नाही. म्हणून गेल्या वर्षी मुलांनाच एक वसाहत वसवायला लावली. कागदावर, पण हिशेबानिशी.

बेट कुठे ठेवायचं यावरून पहिला वाद झाला. मुलांना ते कोकणातच हवं होतं, शक्यतो अलिबागच्या समोर. मी नाही म्हटलं. आपला सह्याद्री आणि त्याखालचं कोकण हा बहुतेक सगळा लाव्हाचा खडक, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थंड झालेला. त्यात चांदीच्या शिरा नाहीत. आपल्या देशात जुन्या काळी चांदी निघाली ती उदयपूरजवळच्या जावरसारख्या ठिकाणी, शिसं आणि जस्ताच्या धातुकाबरोबर. त्यामुळे आमचं बेट अरबी समुद्रात दूर, वेगळ्याच जुन्या खडकाचं, कोकणातल्या चौल बंदराहून अनुकूल वाऱ्यात बारा दिवसांच्या अंतरावर. नाव मुलांनी ठेवलं सांदोरी. बेट खोटं, पण त्याच्या भोवतालचं सगळं खरं असायला हवं, ही माझी एकच अट होती. वारे खरे, बंदरं खरी, सनावळ्या खऱ्या. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून जहाजं जाणार, उन्हाळ्यात नैऋत्येचा वारा धरून पावसाळ्याच्या आत परतणार, आणि पावसाळाभर बेट जगापासून तुटलेलं. ही शेवटची गोष्ट मुलांनी तेव्हा नुसती वहीत उतरवून घेतली. तिचा अर्थ त्यांना फार पुढे कळला.

नकाशा जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर काढला. चौकटी आखल्या, जंगलाच्या चौकटी हिरव्या रंगवल्या. एक तास म्हणजे दहा वर्षं. सुरुवात १५६० ला. चांदीऐवजी चिंचोके, तांदळाऐवजी तांदूळच, काडेपेटीच्या खोक्यांत मोजून. वर्गाचे गट केले : खाणीचा मक्तेदार, सावकार, जहाजं चालवणारा तांडेल, धान्याची वखारवाली, लाकूडतोडे आणि कोळसेवाले, भट्टीवाले, टांकसाळीचा कारभारी आणि सगळ्यांत मोठा गट खाणकामगारांचा. दर तासाला प्रत्येक गट काय करणार ते लिहून देणार. मग मी त्या दशकात जगात जे खरोखर घडलं त्याची चिठ्ठी वाचून दाखवणार आणि सगळे मिळून हिशेब करणार.

पहिल्याच तासाला प्रश्न आला : खणणार कोण? मक्तेदाराच्या गटानं लिहिलं होतं, "कामगार आणू." कुठून आणि ते का येतील, असं विचारल्यावर ती मुलं गप्प झाली. मी त्यांना पोटोसीची मिता सांगितली. १५७० च्या दशकात स्पेनच्या राजाचा तिथला व्हाइसरॉय तोलेदो यानं ती पक्की बसवली : आसपासच्या ठरावीक प्रांतांतल्या सात प्रौढ पुरुषांमागे एकानं पाळीनं खाणीवर यायचं. दरवर्षी सुमारे तेरा हजार माणसं, अनेकदा बायकामुलांसह, शेकडो मैल चालत. वर्गाला ते फार क्रूर वाटलं. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, जबरदस्ती कशाला? उचल द्यायची." त्याचे काका दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादम आधी उचल देतो, ती खर्च होते आणि हंगामभर अंगावर फिटते. त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. सांदोरीवर मग उचलच लागू झाली. खाणकामगारांच्या गटानं आपली वेगळी वही केली. तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे उचल, मिळालेली मजुरी आणि वखारीतून घेतलेल्या तांदळाची किंमत. सांदोरीच्या सगळ्या भरभराटीच्या काळात त्या वहीतलं एकही खातं कधी चुकतं झालं नाही. मी काही मुद्दाम घडवलं नव्हतं. तांदळाचा भाव आणि मजुरी या दोन आकड्यांमधूनच ते होत गेलं.

चांदी निघते कशी, हे मला पुस्तकातून सांगायचं होतं. पण वर्गातली एक मुलगी हात वर करून म्हणाली, "आमच्या पप्पांचं गलाईचं दुकान आहे." सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, विटा भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत. देशातल्या कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात गलाईवाला शोधला तर बहुधा तो त्याच दुष्काळी पट्ट्यातला निघतो. तिच्या वडिलांनी जांभळी नाक्याजवळच्या आपल्या जागेत आम्हाला बोलावलं. जिना अरुंद, खोली लहान, म्हणून थोडी थोडी मुलं वर नेली.

तो तास मी विसरणार नाही. जुने पैंजण, मोडकी भांडी, देवाच्या घासून गुळगुळीत झालेल्या ताटल्या मुशीत गेल्या, वरून टाकणखार पडला, आणि थोड्या वेळानं मुशीत आरशासारखा लखलखीत गोळा हलायला लागला. चांदी वितळायला ९६२ अंशांच्या आसपास तापमान लागतं. खोलीत उभं राहवत नव्हतं. मग त्यांनी भेसळ काढायची रीत दाखवली : शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, चांदी विरघळवायची, आणि त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी भुरकट चिखलासारखी तळाशी बसते. एका मुलानं विचारलं, "आणि तेजाब नसेल तर?" सांदोरीवर तेजाबाचे कारखाने नव्हते, हे त्याच्या लक्षात होतं. गलाईवाले म्हणाले, "मग शिसं." शिशाबरोबर धातू तापवायचा, वर हवा मारायची. शिशाची होते मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं भस्म; ती हाडांच्या राखेच्या मुशीत जिरते किंवा वरून काढून टाकतात, आणि शेवटी मुशीत चांदी तेवढी उरते. सोन्याचा कस लावताना आजही तीच रीत वापरतात, फक्त चिमुकल्या प्रमाणात. जपानमधल्या इवामीच्या खाणीत ही रीत १५३३ च्या सुमारास आली आणि तिथलं उत्पादन झपाट्यानं वाढलं. पोटोसीकडे पाऱ्याची रीत होती, कारण पेरूत वानकावेलिकाला पाऱ्याची खाण सापडली होती. आमच्या बेटावर पारा नव्हता. म्हणजे शिसं, आणि शिसं म्हणजे आग, आणि आग म्हणजे लाकूड.

निघताना गलाईवाल्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आजोबांच्या वेळी भट्टीवरच्या माणसाचे हात थरथरायचे, पोटात मुरडा यायचा, शिशाची वाफ अंगात जायची. दुसऱ्या दिवशी खाणकामगारांच्या गटातल्या मुलीनं नकाशा मागितला. भट्ट्या कुठे आहेत, वारा कुठून येतो आणि झोपड्या कुठे आहेत, हे तिनं बोटानं दाखवलं. सावकार आणि कारभाऱ्यांची घरं वाऱ्याच्या बाजूला, टेकडीवर होती. कामगारांच्या झोपड्या बरोबर धुराच्या वाटेत. त्या तिथे ठेवा असं कुणी ठरवलं नव्हतं. जी जागा उरली ती त्यांना मिळाली होती. तिनं झोपड्या हलवायचा अर्ज दिला. मक्तेदारानं "पुढच्या दशकात बघू" असा शेरा मारला. मला त्या शेऱ्यानं वाईट वाटलं, पण मी मध्ये पडले नाही.

भरभराट मात्र जोरात झाली. काळच तसा होता. हिंदुस्थानात चांदी फारशी निघत नव्हती, आणि शेरशहानं घालून दिलेला साधारण साडेअकरा ग्रॅमचा चांदीचा रुपया अकबरानं चालू ठेवला होता. १५७३ मध्ये सुरत मुघलांकडे आलं. परदेशी चांदी तिथे उतरायची, टांकसाळीत जायची आणि रुपया होऊन बाहेर पडायची. तिकडे चीनमध्ये कर चांदीत भरायची पद्धत रूढ होत होती, त्यामुळे जगभरची चांदी पूर्वेकडे ओढली जात होती. सांदोरीच्या लगडी चौलला आणि सुरतेला हातोहात जाऊ लागल्या. पोर्तुगिजांचा कार्ताझ, म्हणजे समुद्रात फिरण्याचा परवाना, घ्यावा लागे. त्याचे पैसे तांडेल कुरकुरत मोजायचा. बेटावर पेठ झाली, सराफकट्टा झाला, धर्मशाळा झाली, देऊळ आणि मशीद झाली, मुलांच्या हट्टानं कुस्तीचा आखाडाही झाला. १६०० च्या तासाला मोजदाद केली तेव्हा सगळ्यांत जास्त चिंचोके कुणाकडे निघाले? मक्तेदाराकडे नाही, सावकाराकडेही नाही. धान्याच्या वखारवालीकडे. ती एक शांत मुलगी, कधी आवाज चढवून बोलली नाही. प्रत्येक तासाला ती फक्त चौलला किती पोती सांगायची ते लिहून द्यायची.

तिथून पुढचं सगळं उतरणीचं होतं, आणि मुलांना ते बराच काळ दिसलं नाही. आधी हिरव्या चौकटी गेल्या. दर दशकाला भट्टीसाठी जंगल खोडरबरानं पुसायचं होतं. कागद पातळ होत चालला. एका गटानं इवामीचं उदाहरण आणलं. तिथे डोंगरावरच्या लाकडाचा वापर ताब्यात ठेवला गेला, २००७ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत गेली तेव्हा या गोष्टीचाही विचार झाला. सांदोरीवर तसा नियम करायचा ठराव आला आणि एका मतानं पडला. पुढच्या तासापासून लाकूड कोकणातून जहाजानं यायला लागलं, म्हणजे तांदळाची जागा लाकडानं खाल्ली.

मग पाणी. वरची शीर संपली की खाली जायचं, आणि बेटावर खाली म्हणजे समुद्राच्या पातळीखाली. मुलांनी मोट लावली. एका मोटेनं पुरेना, खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. मोटेला बैल, बैलाला कडबा, कडबा पुन्हा जहाजानं. फळ्यावर एका बाजूला निघणारी चांदी आणि दुसऱ्या बाजूला ती काढायचा खर्च, असे दोन रकाने ठेवले होते. चांदीचा रकाना जवळजवळ तसाच राहिला, खर्चाचा रकाना फळ्याच्या तळाला गेला.

या काळात एका मुलानं आपल्या आजोबांना बोलतं केलं. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. एमआयडीसीच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. त्या कारखान्याच्या जागी आता उंच इमारती आहेत. मुलानं त्यांचं बोलणं फोनवर टिपून आणलं होतं. "माल खपत होता रे. ऑर्डरी होत्या. पण जागेला जो भाव आला, तो मालाला कधीच येणार नव्हता." आणि पुढे : "कंपनी बंद व्हायच्या आधी दोन वर्षं गेटसमोरच्या खानावळवालीनं पोळ्या कमी करायला सुरुवात केली होती. तिला आमच्या आधी कळलं." वर्ग हे ऐकून बराच वेळ वखारवालीकडे बघत राहिला. तिनं गेल्या दोन दशकांत पोती कमी सांगायला सुरुवात केली होती, हे वहीत स्पष्ट होतं. कुणी तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

चांदीचा भाव ही गोष्ट समजावणं सगळ्यांत अवघड. पोटोसीचं उत्पादन १५९० च्या दशकात शिखरावर होतं. ती चांदी युरोपात गेली, तिथून जहाजांनी आणि तांबड्या समुद्राच्या वाटेनं सुरतेत आली. १५७१ पासून मनिलामार्गे चीनला गेली. जपानचीही चांदी बाजारात होती. खुद्द स्पेनमध्ये सोळाव्या शतकात किमती तिपटीहून अधिक वाढल्या, कारण वस्तू तेवढ्याच आणि चांदी फार. सांदोरीनं दर दशकाला तेवढ्याच लगडी पाठवल्या, पण त्यांत येणारी पोती घटत गेली. "पण आपण तर काहीच चुकलो नाही," असं सावकाराच्या गटातली मुलगी म्हणाली. खरं होतं. त्यांचा तोटा दहा हजार मैलांवरच्या एका डोंगरानं केला होता, आणि त्या डोंगराला सांदोरीचा पत्ताही नव्हता.

टांकसाळीच्या कारभाऱ्यानं यावर आपल्या मनानं उपाय काढला. तो गुपचूप माझ्याकडे आला आणि लगडीत थोडं तांबं मिसळायची परवानगी मागितली. मी दिली, कारण हेही इतिहासात घडलेलं आहे. १६४० च्या दशकात पोटोसीच्या टांकसाळीतल्या नाण्यांत चांदी कमी असल्याचं उघडकीला आलं, तेव्हा बाहेरचे व्यापारी ती घेईनात. सांदोरीचं तांबं सुरतेच्या सराफानं, म्हणजे मी, कसोटीवर लगेच ओळखलं आणि बट्टा लावला. जो बट्टा एका लगडीला लागला तो नंतरच्या चोख लगडींनाही लागत राहिला. कारभाऱ्याचा त्या दिवशीचा चेहरा पाहवत नव्हता.

आणि मग १६३० ची चिठ्ठी. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. गावंच्या गावं ओस पडली. मी चिठ्ठी वाचली आणि तांडेलाच्या खोक्यातले तांदूळ काढून घेतले. चौलला धान्य नाही, सुरतेला नाही. पावसाळा तोंडावर, जहाजं परत फिरू शकत नाहीत. वर्गात आधी कुणाला काही वाटलं नाही. मक्तेदार उठला, चिंचोक्यांची पूर्ण ओंजळ भरली आणि वखारवालीच्या बाकावर ओतली. "एक खोकं दे." ती म्हणाली, "नाहीये." त्यानं आणखी आणले. सावकारानं आपलेही दिले. बाक चिंचोक्यांनी भरला. ती नुसती म्हणत राहिली, "अरे, माझ्याकडे नाहीचेत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण सगळे तिच्यावर ओरडायला लागले होते. खाणकामगारांच्या गटातल्या मुलांनी आपली उचलीची वही बंद केली आणि एक जण म्हणाला, "आता आम्ही खणून काय करू?"

त्या तासाला मी काहीच शिकवलं नाही. घंटा झाल्यावरही मुलं बसून होती. चांदी संपली म्हणून गाव उठतं, हे उत्तर त्यानंतर वर्गात कुणी दिलं नाही.

त्यापुढची दशकं आम्ही भराभर उरकली. सराफकट्टा गेला, धर्मशाळा गेली, आखाड्यात शेळ्या बांधल्या. १६६४ आणि १६७० ला शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा मुलांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या आणि लगेच विचारलं, आपला माल तिथे होता का. होता, थोडासा. शेवटी झारेकरी आले, भट्ट्यांची जुनी राख आणि मळी पुन्हा गाळून त्यातले कण काढणारे. वीसेक वर्षं त्यांच्यावर बेट तगलं. खाणीत पाणी भरलं होतं, त्याखाली चांदी होती. किती होती ते मला माहीत होतं, कारण पहिल्या दिवशी आकडा मीच पाकिटात बंद करून ठेवला होता. पाकीट उघडलं तेव्हा कळलं : निम्म्याहून जास्त चांदी अजून खालीच आहे.

१६९० च्या तासाला बेटावर कोण उरलं यावर चर्चा झाली. मच्छीमार उरले, मिठागरवाले उरले. खाणकामगारांपैकी काही कुटुंबं उरली, कारण सावकार पळाला तसा त्यांचा हिशेब मागणारा कुणी राहिला नाही, आणि जायलाही कुठे नव्हतं. त्या मुलीनं झोपड्यांच्या अर्जाची आठवण करून दिली. टेकडीवरची घरं आता रिकामी होती. कामगारांना तिथे राहू द्यायचं का, यावर मतदान घेतलं आणि ठराव मंजूर झाला.

नकाशा, दोन्ही वह्या आणि चिंचोक्यांचा डबा माझ्या कपाटात आहे. यंदाच्या नववीला मी कोरा कागद देणार नाही. त्यांना ही सांदोरीच देणार आहे, १६९० पासून पुढे : टेकडीवर राहायला आलेली ती कुटुंबं, किनाऱ्यावरची मिठागरं, एकही हिरवी चौकट नाही, भट्ट्यांभोवती शिशानं खराब झालेली जमीन. त्यांना ठरवायचं आहे की पहिल्या पावसाळ्याआधी काय पेरायचं आणि कुठे.